न जन्मलेल्यांची खुर्ची

"उद्या सांगितलं तर चालेल का?" असं मी म्हणालो आणि सगळी व्यायामशाळा हसली. हसण्यासारखंच होतं. मी ज्या खुर्चीत बसलो होतो ती अजून न जन्मलेल्या माणसांची खुर्ची होती. शहराचा खाडीकडचा सखल भाग पुढे कसा राखायचा, की राखायचाच नाही, आणि त्याबाबत आजवरच्या सरकारांनी जे केलं ते बरोबर की चूक, हे ठरवायला आम्हा नागरिकांचं एक मंडळ चिठ्ठ्या टाकून निवडलं होतं. बंद पडलेल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत, छताला गुंडाळून ठेवलेल्या दोरांखाली, आम्ही गोल करून बसायचो. आमच्या अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश. त्यांनी पहिल्याच बैठकीत नियम घातला की गोलात एक खुर्ची जादा ठेवायची, पाळीपाळीने प्रत्येकाने तिच्यात बसायचं आणि साठसत्तर वर्षांनी या शहरात राहणारं माणूस म्हणून बोलायचं. कारण ज्यांना परिणाम भोगायचे आहेत ती माणसं साक्षीला येऊ शकत नाहीत आणि साक्षीदाराशिवाय अध्यक्षबाईंनी जन्मात कधी निकाल दिला नव्हता. बसणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असे : तुम्ही कुठे राहता? एका कॉलेजातल्या मुलीने सांगितलं होतं, पाण्यावर तरंगणाऱ्या घरात. बेकरीवाल्याने सांगितलं होतं, "राहायला ठेवलंयत कुठे तुम्ही?" आणि पुढे अर्धा तास तो आमच्यावर इतका संतापून बोलला की एका आजींनी त्याची माफी मागितली. माझी पाळी यावी अशी माझी इच्छा नव्हती. मी चारचौघांत बोलणारा माणूस नाही. दुकानात जाऊन हवी ती वस्तू मागायची तर वाटेत वाक्य जुळवून जातो. अध्यक्षबाईंनी विचारलं, "तुम्ही कुठे राहता?" आणि माझ्या डोळ्यांपुढे काहीच आलं नाही. फक्त धुकं. मग तोंडातून ते वाक्य गेलं.

"घ्या!" बेकरीवाला मांडीवर थाप मारून म्हणाला, "न जन्मलेलासुद्धा तारीख मागतोय!"

अध्यक्षबाईही हसल्या. "मिळेल तारीख," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळची. पण उद्याच मत द्यायचंय आपल्याला, आणि या खुर्चीचं म्हणणं ऐकल्याशिवाय मी मत घेणार नाही. तेवढं लक्षात असू द्या." मी मान हलवली. मंडळात अर्धी माणसं सरकारच्या बाजूला होती आणि अर्धी विरुद्ध. हात कोणी मोजले नव्हते, पण कोण कुणीकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी कुणीकडे आहे ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं, मला धरून.

सरकारचं म्हणणं सोपं होतं. खाडीचा बांध आणखी पुरुषभर उंच करायचा. त्याने सखल भाग एका पिढीपुरता निर्धास्त होईल. पुढचं पुढे. विरुद्ध बाजूचं म्हणणं असं की हा भाग आजपासून थोडाथोडा रिकामा करायचा, वरच्या टेकाडावर घरं बांधायची, आधी म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना न्यायचं, मग बाकीच्यांना, आणि शेवटी पाण्याला त्याची जागा देऊन टाकायची. मंडळ म्हणेल ते करू असं सरकारने कबूल केलं होतं. निवडणूक जवळ आली होती आणि नको ती गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगायला कोणी तयार नव्हतं, असा त्याचा अर्थ मी लावला होता. पण माझे अर्थ मी फारसे मनावर घेत नाही. आयुष्यभर मी सरकारांना नावं ठेवत आलो ती वर्तमानपत्राच्या आडून, आणि ऐकायला एकटी बायको.

मधल्या सुट्टीत सरकारी खात्यातली मुलगी चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. ती सरकारची बाजू मांडायला प्रत्येक बैठकीला यायची. मुलगी म्हणतो, पण चाळिशीची असेल. पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून ती मला आधी द्यायची, मग स्वतः खायची. "आजोबा," ती हळूच म्हणाली, "उद्या सांगतो हे वाक्य आमचं आहे हो. तुम्ही पळवलंत."

"माफ करा," मी म्हणालो.

"अहो, गंमत केली! मला बरं वाटलं उलट. लोकांना वाटतं आम्ही मुद्दाम टाळतो." तिने बिस्किट चहात बुडवलं आणि ते मोडून आत पडलं. तिकडे बघतच ती म्हणाली, "मी दर वेळी मसुद्यात लिहिते, हा भाग हलवावा लागेल. वर जाऊन परत आला की ते वाक्य नसतं. साहेब वाईट नाहीत. चांगले आहेत. पण त्यांना सगळे विचारतात पुढच्या पावसाळ्याचं. त्याच्यापुढचं विचारायला कोणी येतच नाही. आणि एकटं आपलं सरकार करणार काय? समुद्र काय आपल्या नगरपालिकेचा आहे? आपण उद्या सगळ्या कारखान्यांच्या चिमण्या बंद केल्या तरी पलीकडचे करणार आहेत का? ते म्हणतात आधी तुम्ही, आपण म्हणतो आधी तुम्ही. दारात उभे राहून पाहुणे करतात ना, तसं. आणि आत यायचंय पाण्याला." मग तिने चमच्याने बिस्किटाचा लगदा काढून खाल्ला. मला एकदम तिच्याबद्दल माया वाटली. ज्याला आयुष्यभर मी सरकार म्हणत आलो त्यात अशी बिस्किटं बुडणारी माणसं असतील हे मला इतक्या उशिरा कळावं, याचीही लाज वाटली. पण मायेने निकाल देता येत नाही. की येतो? अध्यक्षबाईंना विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

घरी मी बांधावरून चालत गेलो. लांबची वाट, पण मला वेळ हवा होता. भरती होती. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला आमची वस्ती, आणि नीट पाहिलं तर पाणी वस्तीहून वरच्या अंगाला. घरांची छपरं आणि पाण्याचा पृष्ठभाग यांत आता फारसं अंतर उरलेलं नाही हे या बांधावरूनच दिसतं, खालून कधी दिसत नाही. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. इतिहासाची कपाटं माझ्या टेबलाला लागून होती आणि काम नसलं की मी हात लांब करून तीच पुस्तकं वाचायचो. एका शहराच्या कारभाऱ्यांनी, वस्ती एवढीशी असताना, तिप्पट वस्तीला पुरतील अशी गटारं बांधली आणि लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. शंभर वर्षांनी त्यांचे पुतळे उभे राहिले. दुसऱ्या एका राज्यात साथ आली तेव्हा दरबाराने हुकूम काढला की साथ नाही. पुस्तकात हे सगळे शहाणे आणि मूर्ख आधीच वेगळे करून ठेवलेले असतात. शेवटचं पान माहीत असलं की न्याय करणं किती सोपं! मी कितीतरी राजांना आणि मंत्र्यांना दुपारच्या चहाच्या आत दोषी ठरवलेलं आहे. पण ज्या दिवशी तो हुकूम निघाला त्या दिवशी त्या दरबारात मी कारकून असतो तर काय म्हणालो असतो? मला वाटतं, मी म्हणालो असतो, उद्या सांगितलं तर चालेल का?

ग्रंथालयात दर काही वर्षांनी जुनी पुस्तकं काढून टाकायची वेळ यायची. जागा कमी, नवी पुस्तकं येणार. ज्यांना कोणी हात लावत नाही ती काढा, असं वरून सांगणं यायचं. मला एकही काढवत नसे. वाटायचं, आज कोणी वाचत नाही, पण पुढे कधी एखादं पोरगं येईल, नेमकं हेच मागेल, आणि मी काय सांगू त्याला? म्हणून मी ती मागच्या खोलीत रचून ठेवत गेलो. सहकारी मला चिडवायचे, "काय, नातवंडांची सोय चाललीय का?" ते पोरगं कधी आलं नाही. एका वर्षी छत गळलं आणि मागच्या खोलीतला अख्खा ढीग भिजून फुगला, आणि त्या ढिगाच्या वजनाने मधली फळी मोडून चांगली, रोज लागणारी पुस्तकंही खाली पाण्यात पडली. तेव्हापासून मला स्वतःच्या दूरदृष्टीबद्दल शंका आहे. मी पुढच्यांसाठी साठवत होतो, की मला सोडून देणं जमत नव्हतं? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. बांध उंच करा म्हणणाऱ्यांनाही वाटतं की आपण पुढच्यांसाठी काही तरी राखून ठेवतोय.

आणि मग वाऱ्याने अंगातला कोट फडफडला तशी मला आई आठवली. आई माझे कपडे वाढत्या अंगाचे शिवायची. वाढत्या अंगाचा म्हणून तिने शिवलेला एक कोट असा होता की त्यात माझे हात दिसत नसत. वर्गात मला सगळे बाही म्हणायचे. "ए बाही, हात आहेत का रे तुला?" मी रडत घरी यायचो आणि आई खालची दुमडलेली पट्टी उलटून दाखवायची, बघ, केवढं कापड ठेवलंय आत, तू ताडमाड झालास तरी पुरेल. तिला पुढच्या वर्षीचा मी दिसत असे. तो मुलगा उंच, नीटस, कोट अंगाबरोबर बसलेला. या वर्षीचा मी मात्र बाह्या वर सरकवत शाळेत जात होतो. मोठेपणी मी आईची गोष्ट फार प्रेमाने सांगत आलोय, लोकही हसतात, डोळे पुसतात. पण त्या दिवशी बांधावर मला पहिल्यांदा असं वाटलं की ज्याचं हसं झालं त्याला कोणी विचारलं नव्हतं. सरकार लांबचं बघत नाही म्हणून आपण रागावतो, आणि बघायला लागलं की आजच्या कोणाच्या तरी अंगात तो ढगळ कोट येतो. हलवायचं ठरलं तर तो कोट माझ्या बायकोच्या अंगात येणार होता.

तिने मला आधीच बजावलं होतं. माझं नाव चिठ्ठीत निघालं तेव्हा ती पोट धरून हसली होती. "आयुष्यभर सरकारला शिव्या घातल्यात ना, आता घाला तोंडावर!" आणि हसणं थांबल्यावर म्हणाली होती, "पण एक लक्षात ठेवून हात वर करा. मी या घरातून हलणार नाही. मला इथंच मरायचंय, माझ्या अंथरुणात." ती हे रागाने म्हणाली नव्हती. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी म्हणाली होती. शहराच्या तलावावर तिने कित्येक वर्षं मुलांना पोहायला शिकवलं. तिचा आवाज अजून पाण्यावरून जातो. आम्हाला मूल झालं नाही. पण वस्तीतल्या कितीतरी बापयांना तिने दंडाला धरून पाण्यात टाकलेलं आहे, आणि अजून ते तिला रस्त्यात भेटले की पोट आत घेऊन ताठ उभे राहतात. पाण्याला ती भीत नाही. "आलं पाणी तर येऊ दे," ती म्हणते, "मी पोहेन, तुम्ही माझ्या पाठीवर बसा, पुस्तकं डोक्यावर घ्या."

मी घरात शिरलो तेव्हा ती ओट्याशी बटाटे सोलत होती. उन्हं अजून होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "काय म्हणाला तुमचा न जन्मलेला?"

"काही नाही. उद्या सांगतो म्हणाला."

ती वळली. मग तिला हसू फुटलं, सुरी हातात तशीच. "अहो, काय हे! एवढी मोठी माणसं जमवलीत, आणि तुम्ही..." तिने डोळ्यांच्या कडा मनगटाने पुसल्या. "त्यात अवघड काय होतं? बांध बांधा म्हणायचं आणि उठायचं."

मी चपला काढत होतो. त्या काढायला मी नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला असावा. कारण मी मान वर केली तेव्हा तिचं हसणं गेलेलं होतं. माझ्या न बोलण्याचं वाचन ती माझ्याहून चांगलं करते.

"म्हणजे तुम्ही हलवा म्हणणार आहात," ती म्हणाली.

"मी अजून काही ठरवलेलं नाही."

"ठरवलं नसतं तर मघाशीच बांध म्हणून मोकळे झाला असतात." तिने बटाटा पातेल्यात टाकला. पाणी उडालं. "वा! जगातली सगळी सरकारं झोपा काढतायत, एकाला दुसऱ्याचं सोयरसुतक नाही, आणि त्या सगळ्यांचं प्रायश्चित्त घ्यायला तुम्हाला माझंच घर सापडलं? कारखाने त्यांचे, धूर त्यांचा, बोटी त्यांच्या. मी काय केलंय? मी पोरांना पोहायला शिकवलं!"

"तू काही केलेलं नाहीस," मी म्हणालो.

"मग?"

हाच तर प्रश्न होता, आणि तो मंडळातल्या कोणी इतक्या सरळ विचारला नव्हता. व्यायामशाळेत आम्ही समुद्राबद्दल, देशोदेशींच्या करारांबद्दल, कोणी किती वचनं दिली आणि किती पाळली त्याबद्दल ऐकलं होतं. भिंतीवर आलेखांच्या चढत जाणाऱ्या रेघा पाहिल्या होत्या. मी काय केलंय, असं कोणी विचारलं नाही. मी उभाच होतो. ती आणखी दोन बटाटे सोलून झाल्यावर सुरी खाली ठेवून म्हणाली, "बोलवा त्याला."

"कोणाला?"

"त्या तुमच्या न जन्मलेल्याला. मंडळाला भेटतो, मला नाही भेटणार? घर माझं मागतोय ना?" तिने ओट्याखालचं स्टूल पायाने ओढलं. "बसा. मी विचारते त्याला."

"अगं, असं कसं..."

"असंच. बसा."

मी बसलो. खरं सांगतो, अध्यक्षबाईंच्या खुर्चीपेक्षा मला त्या स्टुलाची जास्त भीती वाटली. तिने हात पदराला पुसले, माझ्यासमोर उभी राहिली आणि मला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जसं पहिल्या दिवशी तलावाच्या काठावर उभ्या केलेल्या पोराला ती पाहत असणार.

"नाव काय रे तुझं?"

इतक्या वर्षांच्या संसारात ती मला कधी अरे म्हणाली नव्हती. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी म्हणालो, "अजून ठेवलेलं नाही."

"हं. जेवतोस का पोटभर?"

"जेवतो. जे पिकतं ते."

"वाळलेला दिसतोस." ती गंभीर होती. "पोहता येतं?"

मी हो म्हणणार होतो. पण त्या स्टुलावर खोटं बोलायची सोय नव्हती. "नाही," मी म्हणालो.

"नाही? समुद्राच्या काठी राहून?"

"शिकवायला कोणी नव्हतं. आणि समुद्र आम्हाला दिसत नाही. बांध फार उंच आहे. तो वाढवत वाढवत नेला ना सगळ्यांनी. प्रत्येक सरकारने थोडा थोडा. आता आम्ही आत राहतो, आणि तो बाहेर, आमच्या डोक्याच्या वर. दिसत नाही, पण ऐकू येतो." हे मी बोलत होतो की कोण, मला कळत नव्हतं. व्यायामशाळेत जे धुकं होतं ते निवळलं होतं. मला तिथली गल्ली दिसत होती, ओलसर, दुपारीही सावलीत, आणि भिंतीला कान लावून बसलेली माणसं. "ज्यांना जाता आलं ते कधीच गेले. टेकाडावर. पण ते घाईने गेले, मिळेल ते उचलून. एका रात्री बांध कुठेतरी चिरला म्हणून."

"आणि राहिलं कोण?"

"ज्यांना धावता येत नाही ते."

नळ थेंबथेंब गळत होता, तो तिने बंद केला. "म्हणजे हलायचं आहेच," ती शेवटी म्हणाली. "आज नाही तर तेव्हा."

"हो."

"कोणी हलायचं एवढाच प्रश्न. मी, की तुमच्यातली कोणी म्हातारी."

मी मान हलवली. मला उठून तिचा हात धरावासा वाटला, पण मी न जन्मलेला होतो, मला ते करता येत नव्हतं. आणि ती मला उठू देणार नाही हेही मला दिसत होतं. तिचा अजून एक प्रश्न राहिला होता. तो विचारायच्या आधी तिने सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली.

"मला ओळखतोस?" ती म्हणाली. "माझं नाव ठाऊक आहे तुला?"

या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायला किती मन झालं म्हणून सांगू! म्हणावं, हो, टेकाडावरच्या शाळेत तुमचं नाव लिहिलंय, पहिल्यांदा ज्या निघाल्या त्यांच्यात तुम्ही होता, आम्ही रोज वाचतो. पण मी कपाटंच्या कपाटं वाचलेली आहेत. गटारं बांधणाऱ्यांचे पुतळे होतात. गटारासाठी ज्यांची घरं पाडली त्यांचं नाव मी कुठेही वाचलेलं नाही.

"नाही," मी म्हणालो.

"ह्यांचं?"

"नाही."

"कोणीच सांगितलं नाही तुम्हाला? एक बाई होती, तिला जायचं नव्हतं, तरी ती गेली?"

"नाही. कोणीच नाही."

ती खिडकीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, संपलं. आता ती सोललेले बटाटे तसेच टाकून आत जाईल, आणि मी उद्या जाऊन बांध बांधा म्हणेन, आणि घरी येईन, आणि ती माझ्याशी पुन्हा नेहमीसारखी बोलेल, आणि मी राहिलेले दिवस त्या भिंतीचा आवाज एकटाच ऐकत काढीन. मी त्यालाही तयार झालो होतो. खरंच झालो होतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तेवढ्यात ती हसली. मोठ्याने नाही.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "गटांगळ्या खाणारं पोर वर काढलं ना, की ते आधी श्वास घेतं. कोणी काढलं ते बघत बसत नाही. मी कित्येकांना काढलं. निम्म्यांना आठवत पण नसेल. त्यांच्या आयांना आठवतं, त्यांना नाही." तिने माझ्या खांद्यावरचा कसला तरी धागा उचलून टाकला. "सांग जा त्यांना उद्या. हलवा म्हणावं. म्हातारीला आधी न्या म्हणावं, तिचे गुडघे दुखतात. पण मी रडणार आहे हं. जाताना रडायचं नाही असं काही तुमच्या मंडळाने ठरवलेलं नाही ना?"

"नाही."

"ठरवलं तरी मी रडणार."

आता मी उठायला हवं होतं. प्रश्न संपले होते. पण ती म्हणाली, "थांब, एवढ्या लांबून आलायस, घर तरी बघून जा," आणि तिने माझं मनगट धरलं. तिची पकड अजून तशीच आहे, पाण्यात सुटू नये म्हणून धरतात तशी. तिने मला स्वयंपाकघराच्या दारापासून सुरुवात करून घर दाखवायला घेतलं. हे कपाट जरा वर उचलून ओढायचं, नाहीतर उघडत नाही. या पायरीवर नीट, ती हलते. ती हलते म्हणूनच रात्री कोण आलं ते कळायचं. इथे उभं राहिलं की शेजारचा रेडिओ फुकटात ऐकू येतो. मी तिच्यामागून जात होतो आणि प्रत्येक ठिकाणी थांबून बघत होतो. कपाट मी मुद्दाम न उचलता तसंच ओढलं. उघडलं नाही. "असं नाही रे," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवून उचलायचं कसं ते दाखवलं. मला ते घर दिसत होतं, खरोखर दिसत होतं. इतकी वर्षं मी त्यात पुस्तक घेऊन बसलो होतो. छताच्या कोपऱ्यात एक डाग होता, बदकाच्या आकाराचा. तो तिथे कधीपासून होता कोणास ठाऊक. तिने सांगितलं, तो आधी लहान होता, मग त्याला मान फुटली.

जिन्याखालच्या लहान खोलीचं दार तिने उघडलं आणि ती क्षणभर तिथेच थांबली. आत उभ्याआडव्या माझ्या पुस्तकांच्या थप्प्या होत्या. "ही खोली दुसऱ्या कोणासाठी ठेवली होती," ती म्हणाली. "मग पुस्तकं आली." तिने दार लोटून घेतलं, पण पुरतं नाही. माझं मनगट तिने सोडलं नव्हतं. बाहेर पाणी ओसरायला लागलं असावं, कारण होड्या चिखलाला टेकल्याचे आवाज येत होते. मला काही तरी विचारायला हवं होतं. पाहुणा घर बघून काहीच न विचारता निघाला तर बरं दिसत नाही.

"इथे कोण राहायचं?" मी विचारलं.

"दोन माणसं," ती म्हणाली. "एकाला बोलता यायचं नाही आणि एकीला गप्प बसता यायचं नाही. बरी होती पण."